हिंदुरावांची माफी

"माफी मागायची? म्या?" हिंदुरावांनी कप असा आपटला की अर्धा चहा योगेशच्या लॅपटॉपच्या बॅगेवर. "पंधरा वर्सं झाली त्याला! लोकांस्नी दुसरा उद्योग न्हाई का?"

योगेश त्यांचा पुतण्या. खराडीतल्या कंपनीतून महिनाभराची रजा टाकून काकांचा प्रचार करत होता. दुर्बुद्धी झाली आणि हो म्हणाला. आता तीच गोष्ट तो सकाळपासून पाचव्यांदा समजावत होता. मागच्या निवडणुकीत काका चारशे मतांनी पडले. वॉर्डातल्या सगळ्यांत मोठ्या सोसायटीत सहाशे मतं, आणि ती चेअरमन सत्यशीलाताईंच्या शब्दावर फिरतात. यंदा ती गेली, तर काकांनी राजकारण सोडून म्हशी राखाव्यात.

आणि नेमकं त्या बाईनं काकांचं जुनं भाषण ऐकलेलं. समोर उभं राहून.

काय ते भाषण! बांधकामांवर वाशीमकडून आलेले मजूर तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. काका चावडीसमोर गरजले होते, "ही मान्सं म्हंजे गावाला लागलेली घाण हाय! मला निवडून द्या, म्हैन्यात एकएक शेड उचलून फेकतो!" गावानं शिट्ट्या मारल्या. काका निवडून आले, बिल्डरला स्वतःची जमीन विकून मोकळे झाले, आणि शेड उलट वाढल्या. त्यांतल्याच एकीत तेव्हा सत्यशीलाताई आईवडिलांबरोबर राहत. कॉलेजला तिथूनच चालत जात.

योगेश त्यांना भेटून आला होता.

"ताई, काका पाण्याची लाइन आणतायत."

"पाण्याचं राहू द्या. ते भाषण मला अजून पाठ आहे. त्याचं काय करणार आहात?"

"काकांना फार खंत वाटते हो."

"खंत वाटून काय होतं?"

"तुम्हाला तेव्हा किती लागलं असेल..."

 ताईंनी उठून खिडकी लावून घेतली. "रविवारी मीटिंगला आणा त्यांना. सगळ्यांसमोर विचारणार आहे."

योगेशनं माफीनामा लिहिला. चार दिवस तालीम चालली. काका दर वेळी एकाच शब्दाला अडायचे.

"त्यातली लाज तेवढी काढ रं. बाकीचं म्हनतो."

"काका, लाज नाही तर मतं नाहीत!"

"तू माझा पुतन्या हायस का विरोधकांचा?"

योगेशनं कपाळावर हात मारला.

रविवारी क्लबहाउस भरलं. काका उभे राहिले, कागद उघडला, आणि समोर सत्यशीलाताईंना पाहून घडी घालून खिशात ठेवला. योगेश खुर्चीतून अर्धा उठला. आता हे काय बरळणार?

पण काका बोलले ते मनापासून. ज्यांनी आपल्याला उन्हात घरं बांधून दिली, त्यांनाच घाण म्हणालो, याची लाज वाटते म्हणाले. "शेडमधली मान्सं आपलीच हायेत. त्यांना कुनी हात लावनार न्हाई, ह्यो माजा शब्द."

योगेशचे डोळे भरून आले. एवढा चांगला माणूस आपल्या घरात होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता!

टाळी मात्र एकही पडली नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले. सत्यशीलाताई उठल्या आणि त्यांनी माइक घेतला.

"हिंदुरावसाहेब, दिलेला शब्द तुम्ही पाळत नाही, म्हणून आमचा तुमच्यावर विश्वास नाही. आमच्या भिंतीला लागून आज चाळीस शेड उभ्या आहेत. माझ्या मुलीला खाली खेळायला सोडायची सोय राहिलेली नाही."

टाळ्यांनी हॉल दणाणला. त्या थांबेपर्यंत ताई शांतपणे उभ्या राहिल्या.

"माफी कसली मागताय? शेड कधी उचलताय, तारीख सांगा."