पंधरा मिनिटं

आत्याने भाचीचा पाय नळाखाली दाबून धरला होता आणि भाची आत्याच्या दंडाला कडकडून चावत होती. आज चावण्याचाच दिवस होता. सहा वर्षांच्या पोरीच्या पोटरीवर कुत्र्याच्या दातांची चार भोकं पडली होती. त्यातलं एक चांगलंच खोल होतं आणि आत्या नेमका त्याच्यातच साबण चोळत होती.

"सोडा तिला!" भावजयीने आत्याच्या पाठीत गुद्दा घातला. "मरेल ना हो लेकरू अशाने!"

"अशानेच वाचेल. चार मिनिटं झालीत, पंधरा करायचीत. मग तडक दवाखान्यात, सुया घ्यायला."

"रक्त वाहतंय तिचं! पट्टी तरी बांधू द्या."

"वाहू दे. बांधलंस तर घाण आतच राहील."

समजावून सांगायची ही वेळ नव्हती आणि भावजय ऐकायच्या पलीकडे गेली होती. तिने आत्याचे केस मुठीत धरून मागे ओढले. आत्याने कोपर मारलं. भावजय अंगणाच्या भिंतीवर आदळली आणि तिचा ओठ फुटला. आत्याला वाईट वाटलं, पण हात थांबला नाही. बारा वर्षं ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धूत होती. एकदा एक चादर चिंध्या होऊन आली होती. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाने ती शेवटच्या दिवशी दातांनी फाडली होती.

फाटकाबाहेर गल्लीत धपाधप आवाज येत होते. "हाण!" "कमरेत घाल!" "सोडू नका रांडेच्याला!" चार-पाच जणांनी मिळून कुत्र्याला कोपऱ्यात घेतलं होतं. सगळ्यांत मोठा आवाज पोरीच्या बापाचा होता. गल्ली त्याला पैलवान म्हणायची. कुत्र्याचं केकाटणं आधी टिपेला गेलं, मग घोगरं झालं, मग थांबलं.

पैलवान लोखंडी गज घेऊन अंगणात शिरला. सदरा रक्ताने भिजला होता. मागोमाग गवंडी, न्हावी आणि आणखी दोघं आले. एखादी कुस्ती मारून आल्यासारखे सगळे खुशीत होते.

"ठेचला त्याला! आता रडायचं नाही, बाळा," पैलवान म्हणाला.

"मानच मोडली पठ्ठ्याने," गवंडी म्हणाला. "आपल्या हातांनी!"

आत्याने वर पाहिलं नाही. "नऊ झाली."

"ताई, बस कर आता. कुत्राच मेला, आता कसला रोग?"

"कुत्रा मेला. त्याची लाळ हिच्या पायात जिवंत आहे."

पैलवानाने पोरीला काखेत धरून ओढलं. आत्याने पाय सोडला नाही. पोर दोघांच्या मध्ये ताणली गेली आणि अशी किंचाळली की बापाचं डोकंच फिरलं. त्याने बहिणीच्या थोबाडीत दिली. थोरल्या बहिणीवर त्याने हात उचलला तो जन्मात पहिल्यांदा.

 एका हाताने पाय तसाच धरून आत्याने दुसरा हात गालावरून फिरवला. बोटं लाल झाली. तिने जिभेने दात चाचपले, गाल पुन्हा चाचपला. कुठे काही फुटलं नव्हतं. रक्त तिचं नव्हतं.

तिने झडप घालून भावाचं मनगट धरलं आणि तळवा उलटा केला. अंगठ्याच्या मुळाशी दोन भोकं होती.

"हे काय?"

"गज लागला."

"गजाला दात असतात?"

पैलवानाने हात हिसकावून खिशात घातला. "एवढ्याशाने काय होतंय," तो म्हणाला, पण आवाज निम्मा झाला होता. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको त्याच्या खिशाकडे बघत होती. तिथलं कापड हळूहळू लाल होत होतं.

भावजय भिंतीपासून उठली. फुटलेला ओठ तिने पुसलाही नाही. नळाशी बसून तिने आत्याच्या हातातून पोरीचा पाय घेतला आणि धारेखाली आत्यापेक्षाही जोराने दाबला. पोर आता आईला चावली.

"ताई, किती राहिलीत?"

"पाच."

"हिला मी धरते. तुम्ही ह्यांना बघा."

आत्याने भावाला कान धरून बादलीशी बसवलं, हात खिशातून ओढून काढला आणि तांब्याने पाणी ओतत जखमेत साबण घासला. पैलवान असा बोंबलला की पोर रडायची थांबून बापाकडे बघत राहिली. "ओरड," आत्या म्हणाली, "ओरडायला बंदी नाही." तिचे डोळे भरून आले होते आणि हाताला जरासुद्धा दया नव्हती.

"आम्ही निघतो मग," न्हावी म्हणाला.

चौघंही हळूहळू फाटकाकडे सरकत होते. मघाशी ज्याचं तोंड सगळ्यांत जास्त चाललं होतं, त्या गवंड्याने उजवा पंजा डाव्या काखेत घट्ट दाबून धरला होता. त्याच्या कोपरावरून लाल थेंब फरशीवर पडत होते. न्हाव्याच्या पायजम्याची एक बाजू गुडघ्याखाली फाटली होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

आत्याने तांब्या भावाच्या डाव्या हातात कोंबला. "थांबायचं नाही, ओतत राहा." साबण मुठीत धरून ती पळत सगळ्यांच्या पुढे गेली, फाटकाची कडी लावली आणि पाठ टेकवून उभी राहिली.

"रांगेने बसा," ती म्हणाली. "साबण एकच आहे."