दोन टक्के भार

आकडे कधी खोटं बोलत नाहीत, यावर शौनकची इतकी श्रद्धा होती की त्याने देवघरात आलेख लावला असता तरी त्याच्या बायकोला, वल्लरीला, नवल वाटलं नसतं. गेला महिनाभर कुपवाडचा नवा सर्व्हर त्याला रोज आकड्यांत सांगत होता की मी अगदी मोकळा बसलोय. आणि कुपवाडच्या दूध संघातली माणसं रोज फोनवर सांगत होती की सगळं ठप्प आहे.

"साहेब, गेटवर टँकर खोळंबल्यात. एक पावती निघंना. चक्री फिरतीया नुसती." हे बाळासो. संघाच्या संगणक विभागाचे प्रमुख आणि एकमेव कर्मचारी.

"नवा सर्व्हर चालू आहे ना?" शौनकने विचारलं.

"व्हय. हिरवा दिवा लागलाय की."

"आणि स्लो सगळ्याच टेबलांवर आहे?"

"समद्या. आमी काय चेष्टा करतोय व्हय?"

जुना सर्व्हर दमला म्हणून संघाने हा नवा घेतला होता. शौनकने तो साताऱ्यातच तयार केला, टेंपोतून पाठवला, आणि "बसवला, पूजाबी झाली" असा बाळासोंचा फोनही आला. तेव्हापासून तो ऑफिसात बसून इथूनच त्याची नाडी बघत होता. स्क्रीनवरची भाराची रेघ तीन टक्क्यांवर जेवून आडवी झाल्यासारखी पडलेली.

म्हणजे सर्व्हर निर्दोष. म्हणजे दोष प्रोग्रामात. शौनकने पावतीचा प्रोग्राम उलटा करून झाडला. फॅटचा हिशेब नव्याने लिहिला. त्याच झटक्यात, भाराचं मोजमाप फार वेळा होतंय असं वाटून, तेही जरा कमी केलं. रेघ दोन टक्क्यांवर आली.

"बघा मॅडम! तीनाचे दोन!" त्याने भार्गवीला दाखवलं. ऑफिस तिचं होतं.

"छान," भार्गवी म्हणाली. "आता टँकर दाखव."

टँकर तिथेच होते. दूध नासायला लागलं होतं आणि नासलेल्या दुधाचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार, हे दोघांनाही माहीत होतं. साताऱ्याचं ऑफिस या एका संघाच्या कामावर उभं होतं. ते गेलं की ऑफिसला कुलूप, आणि शौनक परत पुण्यात, तीन अनोळखी पोरांच्या खोलीत चौथी कॉट. पुणं सोडून घरी यायला त्याला सहा वर्षं लागली होती.

तशात बाळासोंचा फोन आला. "चेअरमनसाहेबांच्या हाताचं प्लास्टर निघालं. शनवारी येणार हायत हिकडं. तुमी पायजेच, म्हणाल्यात."

चेअरमन लालासाहेब महिन्यापूर्वी न्हाणीत घसरले होते. उजवा हात गळ्यात.

"हात मोकळा झाला म्हणजे सही करता येणार," भार्गवी म्हणाली. "करार रद्द केल्याच्या कागदावर. जा आणि निदान भांडू नकोस."

शनिवारी शौनक कुपवाडला पोचला, तेव्हा टँकरांची रांग औद्योगिक वसाहतीच्या वळणापर्यंत गेली होती आणि ड्रायव्हर लोक त्याच्याकडे जावयाकडे बघावं तसे बघत होते. जावई नावडता असताना.

नवा सर्व्हर काचेच्या कपाटात होता. हार, लिंबू-मिरची, लाल फीत, अंगाऱ्याचं बोट. शौनकने हात जोडले नाहीत, पण टीकाही केली नाही. संघात वजनकाट्यालाही हार असतो. हिरवा दिवा खरोखरच लागला होता.

तो बाळासोंच्या टेबलाशी बसला. पायाला काहीतरी लागलं. खाली जुना सर्व्हर, धुळीने माखलेला, आणि त्याच्यावर भडंगाचा डबा.

"हे धूड अजून फेकलं नाही?"

"असू द्या की. लय ऊब असती त्याला. भडंग मऊ पडत न्हाई." बाळासोंनी डबा पुढे केला. "घ्या."

शौनकने लॅपटॉप उघडला. दोन टक्के. समोरच्या टेबलावर सोनम नावाची कारकून चक्रीकडे बघत नखं खात होती. "बाळासो, प्रोग्राम मी उलटा करून झाडला, फॅटचा हिशेब नवा लिहिला. तुम्हाला काडीचा फरक जाणवला नाही?"

"खरं सांगू? न्हाई."

"अहो, पण का नाही?"

"आता ते तुमीच शिकल्यालं," बाळासो म्हणाले आणि भडंगातली मिरची बाजूला काढली.

दुपारी लालासाहेब आले. मागे संचालक, फोटोग्राफर आणि एका बाईच्या हातात ताट. ताटात नारळ आणि शाल. शौनकने लॅपटॉप मिटला. इकडे माणसाला काढतानाही सत्कार करतात.

"हे सातारचे इंजिनेर का?" लालासाहेबांनी उजव्या हाताची बोटं उघडमीट करून पाहिली. "तुमाला लय तरास झाला म्हणं आमच्यापायी. टँकरवाले तर शिव्याच द्याय लागल्यात. पर हाडच जुळंना, त्याला मी तरी काय करू?"

"हाडाचा काय संबंध, साहेब?"

"आवं, डाव्या हातानं कसं करायचं? शुभ काम." त्यांनी शालीखालची कात्री उचलली, शौनकला हाताने अलगद बाजूला केलं आणि कपाटाची लाल फीत कापली. टाळ्या झाल्या. फोटोसाठी आणखी एकदा कापली.

"चला, झालं उद्घाटन," लालासाहेब म्हणाले. "बाळासो, आता घ्या समदी टेबलं जुन्यावरनं नव्यावर."

बाळासोंनी वाकून भडंगाचा डबा उचलला.

महिनाभर नव्या सर्व्हरवर दिसणारा भार, आधी तीन आणि मग दोन टक्के, हा तो भार मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचाच होता.