हिरालालजींचा उजवा हात

हिरालालजींचा उजवा हात मशीनच्या दांडीला पट्ट्यानं बांधलेला होता, आणि दांडी काही केल्या वर यायला तयार नव्हती.

"मशीन कमजोर झाली का आज?" त्यांनी विचारलं.

मयुरीनं, त्यांच्या लेकीनं, लॅपटॉपमधून मान वर काढली नाही. "तुमी उचला तर खरं, बाबा."

संध्याकाळी दुकान विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं. वडनेरला हिरालालजींचं कापडाचं दुकान. कात्रीनं जरासा छेद द्यायचा आणि अख्खं कापड एका झटक्यात सरळ फाडायचं, अशी त्यांच्या हाताची ख्याती होती. मागच्या वर्षी, दोन हजार सातच्या उन्हाळ्यात, अर्धांगवायू झाला. वाचा परत आली, पायही आला. हात मात्र मांडीवर पडून राहिला. मग त्यांनी दुकान विकायचं ठरवलं.

मयुरी वर्ध्याला इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवायची. सुट्टीच्या दिवशी घरी येऊन तिनं हे मशीन जुळवलं. आत एक लहानशी ब्रशलेस मोटर. आधी ती ठरलेल्या वेगानं फिरायची आणि हात तिच्यामागं फरफटत जायचा. हिरालालजी चिडले. "हात माहा, अन् फिरवते थे. मंग मी काऊन बसू इथं?"

लेकीला ते पटलं. तिनं मोटरीला वेगाऐवजी जोर द्यायला लावलं. पण तो जोर टप्प्याटप्प्यानं यायचा, आणि दर टप्प्याला बसणारा हिसका थेट खांद्यात जायचा. तिनं तेही सोडलं आणि सगळं नव्यानं मांडलं. मोटरीतलं चुंबक या क्षणी कुठं आहे ते बघत राहायचं, आणि तिन्ही वेटोळ्यांतला करंट त्याबरहुकूम कमी-जास्त करायचा. मग जोर सलग मिळतो, आणि मागितला तेवढाच मिळतो. तो किती मागायचा, हे व्यायाम शिकवायला येणाऱ्या सुलोचनाताई ठरवायच्या.

पहिल्यांदा दांडी तशी उचलली गेली तेव्हा हिरालालजींनी ती पुन्हा एकदा वर-खाली करून पाहिली. हिसका नाही, ओढाताण नाही. विहिरीत पोहताना पाणी अंग उचलून धरतं, तसा हात कुणीतरी अलगद तोलून धरला होता. ते जितका जोर लावत त्यात उणा पडेल तितकाच मशीन घालत होतं. कुठं आपलं संपतं आणि कुठं मोटरीचं सुरू होतं, हे त्यांनाही कळेना.

नंतर जो भेटेल त्याला ते लेकीची करामत सांगत सुटले. पण मशीनवरचा भरवसा जसजसा वाढला, तसतसा हातावरचा उरलाच नाही. "उचलते थे मशीन," ते म्हणत. "हुशारी पोरीची. माह्या हातात काई नाई."

आज मात्र त्यांनी दात आवळले. दांडी हलली. छातीपर्यंत आली, अडली, थरथरली, आणि हळूहळू खांद्याच्या वर गेली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. त्यांनी हात खाली सोडला.

"पाह्य, मशीनही थकली," ते म्हणाले. "आजपावतो साथ देल्ली बिचारीनं. येऊ दे त्या गिऱ्हाइकाले."

मयुरीनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. पडद्यावर एक रेघ होती.

"हे रेघ मशीनच्या जोराची."

"मंग शून्याच्या खाली काऊन हाये?"

"सुलोचनाताईले इचारून मी जोराची दिशा बदलली." मयुरीनं शून्याखालच्या रेघेवर बोट ठेवलं. "मशीन आज मदत नव्हती करून राह्यली, बाबा. तुमाले खाली ओढून राह्यली होती."