शेवटचं कौल

वेस्टरवाल्डच्या रानातल्या मातीच्या खाणीचं आता तळं झालं होतं. लिओबा भाच्याला घेऊन तिथं फिरायला आली, तेव्हा पाण्याखालून साच्यात चिखल आपटल्याचा आवाज येत होता. थप्. थप्.

"मासे असतील, आत्या," फोल्कमार म्हणाला.

"मासे कसले! कौलांचा कारखाना बंद झाला त्या दिवशी रडारडीत आम्ही रोजच्यासारखा शेवटच्या कौलावर पंजा उमटवायला विसरलो. तो उमटल्याशिवाय कुणाला सुटी नसते रे."

तिनं हसत काठावर चिखल थापला, पंजा दाबला आणि ओरडली, "चला, सुटी झाली!"

आवाज थांबला.

"बघ, जुने सोबती अजून ऐकतात माझं!"

मग काठावर ओली पावलं उमटू लागली. एकामागून एक ती कामगारांच्या जुन्या घरांकडे वळली.

तिथं आता एकटी लिओबाच राहायची.