फुकटचं मराठी

आमच्या दहिसरच्या सोसायटीने तक्रारींसाठी वेबसाइट काढली. सेक्रेटरी घडशीकाकांनी फुकट मिळाली तेवढी सगळी प्लगइन्स तिच्यात कोंबली. कोपऱ्यात घड्याळ फिरतं, वरून फुलं पडतात आणि इंग्रजीचं आपोआप मराठी होतं.

बेडरूमच्या गळतीची तक्रार मी पुन्हा एकदा लिहून काढली, पण खालचं बटण बघून बोट थांबलं. 'सबमिट'च्या जागी लिहिलं होतं, 'शरण या'.

लगेच काकांना फोन लावला. "काका, तुमच्या त्या फुकटच्या प्लगइनने भाषांतराची पार वाट लावलीय."

 

"बाकीचं त्याने केलंय गं, श्रुतिका," काका शांतपणे म्हणाले. "ते बटण तेवढं मी स्वतः टाइप केलंय."