चौघांची वही

"आता सांग, लेकीला निरोप देताना आई का रडली न्हाई?" दैवशालानं विचारलं.

वैजीनाथ एसटीच्या खिडकीबाहेर बघत होता. "कारण... तिला ताटं मोजायची होती."

"आन रडली कधी?"

"तिसऱ्या दिवशी. कशानं ते इसरलो. अक्का, मला तूर कशी हाय ते इच्यार, सांगतो. हे लय अवघड हाय."

पेडगावाहून परभणी येईपर्यंत दैवशालानं धाकट्या भावाकडून कथा आणखी दोनदा घोकून घेतली. कथा तिची होती. नाव तेवढं त्याचं.

दीड वर्षापूर्वी परभणीच्या कुणा दत्तरावांनी पेपरात दोन ओळी दिल्या होत्या. कथा लिहिणाऱ्यांसाठी फिरती वही. एकानं कथा लिहायची, वही टपालानं पुढं धाडायची, बाकीच्यांनी समासात खरं मत मांडायचं. मुलीच्या नावानं परक्या पुरुषांची टपालं आली असती, तर गावानं चार महिने तोंडी लावायला घेतली असती. म्हणून वैजीनाथ. त्या बदल्यात त्याच्या वाटणीची म्हैस ती पिळत होती.

वहीत चौघं होते. दत्तराव, झरीचे सूर्यभान, सेलूचे पंडित आणि हा आपला वैजीनाथ. पहिल्याच पानावर दत्तरावांनी नियम लिहिला होता, 'मत आपल्या नावानं द्यावं. खोटं नाव आढळल्यास वही बंद.' तो दिसला की दैवशाला घाईनं पान उलटायची. तिचं लिहिलेलं वाचणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

आणि त्यात ते सूर्यभान! एकदा त्यांनी लिहिलं, 'चुलीवर दूध ठेवून कोणतीही बाई दारात गप्पा मारणार नाही.' दैवशाला चिडली. या बाप्याला चुलीतलं काय कळतंय! पण ओळ खोडली. मग निरोपाच्या कथेखाली शेरा आला, 'आई तेव्हा रडते असं सगळेच लिहितात. तेव्हा तिला पंगतीची ताटं मोजायची असतात. ती रडेल तिसऱ्या दिवशी, सवयीनं एक भाकरी जास्त थापल्यावर.'

त्या दिवशी ती वही मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली. कसा असेल हा माणूस? बायको लवकर गेली असेल का? स्वतः भाकरी थापत असेल का? तिनं कथेचा शेवट तसाच बदलून लिहिला आणि न राहवून समासात लिहिलं, 'सूर्यभानराव, एकदा तुम्हाला बघायला हवं.' पंधरा दिवसांत दत्तरावांचं कार्ड आलं. रविवारी अकरा वाजता, स्टँडसमोरच्या हॉटेलात, चौघांनी भेटायचं. आपल्याच हातानं आपण वहीवर धोंडा घातला, असं तिला वाटलं.

हॉटेलात तिघं आधीच बसले होते. वैजीनाथ त्यांच्या टेबलाशी गेला. दैवशाला बाजाराला आलेल्या बहिणीसारखी पिशवी सावरत शेजारच्या फॅमिली रूममध्ये शिरली. मध्ये एक पडदाच होता. आत तीन बायका होत्या. तिघींपुढं चहा गार होऊन साय धरलेला. जागा मिळाली तसं तिनंही पडद्याकडे कान दिला.

बाहेर चहाचे कप वाजले. मग दत्तरावांनी खिशातून चिठ्ठी काढून वाचली, "आज आपण... मोकळेपणानं... चर्चा करू."

"करू की," पंडित म्हणाले. "माझं मत वहीत हायच."

त्यांनी बशीत चहा ओतला. मग सूर्यभान खाकरले. दैवशाला पडद्याकडे आणखी सरकली.

"औंदा तुरीला फुलोरा कसा हाय तुमच्याकडं?"

"लय चांगला!" वैजीनाथचा जीव भांड्यात पडला. मग चौघंही असे सुटले की अळी, फवारणी, बैल, काही सोडलं नाही. दैवशालाला रडू यायला लागलं. त्या भाकरीचा शेरा लिहिणारा तो हा?

तेवढ्यात दत्तरावांना पुन्हा चिठ्ठी आठवली. "वैजीनाथराव, तुमच्या कथेतली ती आई शेवटी कशानं रडली?"

वैजीनाथ पडद्याकडे बघायला लागला. संपलं. आता वही बंद. दैवशालाच्या तोंडून नकळत निघालं, "भाकरी जास्त झाली म्हणून, मुडद्या."

आतल्या तिघींनी एकदम माना वळवल्या. दैवशालानं तोंडावर हात दाबला. शेजारची पोक्त बाई तिच्याकडे निरखून बघत राहिली आणि मग गालात हसली.

"तू वैजीनाथ व्हय? ये, अशी जवळ सरक. मी सूर्यभान. ही पंडित. आन ती पडद्याला नाक लावून बसलीय ना, ती दत्तराव."