निरीक्षकाने बोलायचं नाही

"निरीक्षकाने बोलायचं नाही. ऐकायचं, टिपून घ्यायचं आणि निघायचं," तिच्या मार्गदर्शक सरांनी बैठकीच्या दाराबाहेर पुन्हा एकदा बजावलं. "कळलं ना?"

"कळलं. पण..."

"झालं तुझं सुरू!"

विभागात तिला सगळे पणबाई म्हणत, ते काही उगाच नाही. उपयोजित तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायला ती चाळिशीत आली होती. कोर्सवर्कचे सगळे पेपर तिचे सुटले होते. संशोधनपद्धतीचा सुटला, तर्कशास्त्राचा सुटला, ज्याच्या नावानेच पोरं पळत तो संगणकाचाही सुटला. आता एवढंच उरलं होतं: इस्पितळाच्या नैतिकता समितीची एक बैठक बसून पाहायची आणि अध्यक्षांचा शेरा आणायचा. मग प्रबंधाला हात घालायला ती मोकळी.

अध्यक्ष म्हणजे इस्पितळातले सगळ्यात ज्येष्ठ सर्जन. त्यांनी चष्मा पुसत प्रकरण सांगितलं. खालच्या वॉर्डातल्या एका आजींच्या पायाला गँगरीन झालं होतं. पाय काढला नाही, तर विष अंगभर पसरणार. त्यांचा थोरला मुलगा समोरच बसला होता.

"आईला काही सांगू नका," तो म्हणाला. "जखम साफ करायचीय म्हणून आत न्या. सही मी करतो."

"शुद्धीवर आहेत ना त्या?" समितीतल्या वकिलांनी विचारलं.

"आहे हो. पण धसका घेईल ती."

मुलगा वाईट नव्हता. डोळे तांबारले होते, पुढ्यातल्या चहावर साय धरली होती. वकील जरा चुळबुळले. "खरं तर सही त्यांचीच लागते..."

"अहो, पोटचा मुलगा आहे तो," अध्यक्ष म्हणाले. "आपण काय त्याच्यापेक्षा जास्त जाणतो? चला, पुढचं प्रकरण घेऊ."

वकिलांनी मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली.

"आजींना कुणी विचारलंय का?"

शेजारी बसलेल्या सरांचा बूट टेबलाखालून तिच्या पायावर आला. तिने पाय काढून घेतला.

"बाई, तुम्ही निरीक्षक आहात," अध्यक्ष म्हणाले.

"हो सर. पण पाय त्यांचा आहे."

"आई खचेल हो," मुलगा कळवळून म्हणाला.

"खचतीलही. आणि उद्या चादर बाजूला करून पाहतील तेव्हा?"

मग अध्यक्षांनी दाराकडे बोट दाखवलं. "बाहेर."

ती बाहेर गेली. पण घरी नाही, जिना उतरून सरळ वॉर्डात.

आजी उशीला टेकून वर्तमानपत्र वाचत होत्या. तिने स्टूल ओढलं. पायाबद्दल अक्षर काढायचं नाही, एवढं तिने येता येताच ठरवलं होतं. ते सांगणं तिचं काम नव्हतं.

"आजी, वर एक बैठक चाललीय. तुमच्याबद्दल. यायचंय का तुम्हाला?"

"माझ्याबद्दल?" आजींनी पेपराची घडी घातली. "आणि मलाच बोलावणं नाही?"

सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला, कोपऱ्यातली चाकांची खुर्ची ओढून आणली आणि म्हणाल्या, "मी काही पाहिलं नाही हं."

खुर्ची लिफ्टमधून बाहेर आली आणि बैठकीच्या खोलीत शिरली, तेव्हा अध्यक्ष अर्ध्या वाक्यावर थांबले. मुलगा ताडकन उभा राहिला.

"आई, तू कशाला..."

"बस," आजी म्हणाल्या. सगळ्यांच्या तोंडांकडे त्यांनी एकदा पाहून घेतलं. "गुडघ्याच्या खालून काढणार की वरून?"

मुलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"अरे, पाय माझ्याच अंगाला आहे. त्याचा वास तुम्हाला येतो आणि मला येत नाही होय? मी आपली गप्प होते. म्हटलं, याला धसका बसेल."

अध्यक्षांनी खुर्ची जरा पुढे घेतली. "खालूनच काढू. गुडघा वाचेल. पण उशीर नको, आजी. आपण आजच..."

"एवढी वर्षं वापरलाय. आजची दुपार तरी राहू द्या माझ्याकडे. संध्याकाळी सांगते. सही करायची झाली तर माझी मी करीन."

अध्यक्षांनी कागद मिटले. मग ते पणबाईकडे वळले. "या बाईंनी निरीक्षण केलेलं नाही, असा शेरा मी देणार आहे."

"बरोबर आहे, सर. मी केलंच नाही."

आजींची खुर्ची घेऊन ती बाहेर येताच सरांनी तिला गाठलं. "आत जा, माफी माग. मी समजावतो त्यांना. नाहीतर सबंध सत्र वाया जाईल, सगळं पुन्हा करावं लागेल तुला."

"पुन्हा करीन, सर. पण पुन्हा कुणी असं परस्पर ठरवायला लागलं, तर पुन्हा बोलेन. ते आताच सांगून ठेवते."

सर चष्मा काढून हातातच धरून उभे राहिले.

ती खुर्ची लिफ्टकडे ढकलू लागली. आजींनी मान वळवून विचारलं, "माझ्यापायी नापास झालीस का गं?"

"झाले. पण तुमच्यापायी नाही."

मागून धावती पावलं आली. मुलाने काही न बोलता तिच्या हातातून खुर्चीच्या मुठी घेतल्या.

"विचारलंस?" समोर बघतच आजी म्हणाल्या.

त्याने हात काढून घेतले. लिफ्ट आली, दार उघडलं, तसंच मिटलं. मग तो खुर्चीला वळसा घालून आईच्या पुढ्यात आला आणि खाली उकिडवा बसला.

"आई," तो म्हणाला, "मी नेऊ तुला?"